वर्तुळाच्या आत, वर्तुळाच्या आधी

जानेवारी २०२१. संक्रांत तोंडावर आलेली, राज्यभर ग्रामपंचायत निवडणुकीच्या प्रचाराचा धुरळा उडालेला. परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात एका बचत गटाच्या शेडमधल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. कोंबड्या पाळणाऱ्याला मर नवी नसते. मानमोडी असते, गंबोरो असतो, थंडीत पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात. पण इथे दोन-तीन दिवसांत मेलेल्या पक्ष्यांचा आकडा आठशेच्या पुढे गेला. नमुने प्रयोगशाळेत गेले आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने निदान कळवले: बर्ड फ्लू.

तेव्हाचे जिल्हाधिकारी दीपक मुगळीकर यांनी आदेश काढले. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी नष्ट करायचे. दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांची ने-आण आणि खरेदी-विक्री बंद. गावात आठ कुक्कुटपालन केंद्रे आणि आठ हजारांच्या आसपास पक्षी होते. पांढरे संरक्षक पोशाख घातलेली पथके, जेसीबीने काढलेले खड्डे, चुन्याच्या गोण्या असे ते काम चालते. ज्या घरात कोंबड्यांच्या पैशावर किराणा भरला जातो, तिथे ते पाहणे सोपे नसते.

एक आणि दहा किलोमीटरचे हे आकडे मुरुंब्यासाठी बनवलेले नव्हते. ते केंद्र सरकारच्या बर्ड फ्लू कृती आराखड्यातून येतात. पहिला किलोमीटर बाधित क्षेत्र, तिथून दहाव्या किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र. म्हणजे प्रशासनाचे पहिले हत्यार नकाशाच असते. ज्या शेडमध्ये मर झाली तिचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, तो बिंदू संगणकावर ठेवायचा, त्याभोवती दोन वर्तुळे काढायची आणि त्यांत कोणती गावे, वस्त्या, शेततळी, आठवडी बाजार, चिकनची दुकाने येतात याची यादी करायची. क्यूजीआयएससारख्या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीवर हे काम काही मिनिटांचे आहे. दहा किलोमीटरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ भरते ३१४ चौरस किलोमीटर. परभणी जिल्हा सुमारे सव्वासहा हजार चौरस किलोमीटरचा. एका शेडमुळे जिल्ह्याचा विसावा हिस्सा एका रात्रीत निर्बंधाखाली जातो. बिंदू चुकला तर निर्बंध चुकीच्या गावावर बसतात आणि रोगाला वाट मोकळी राहते.

वर्तुळ काढणे सोपे, ते भरणे अवघड. शेड दिसते, मोजता येते. परसातल्या कोंबड्या कोण मोजणार? मराठवाड्याच्या कोणत्याही गावात डालग्याखाली चार-सहा गावरान कोंबड्या असतातच. त्या दिवसभर उकिरड्यावर, ओढ्याकाठी फिरतात, शेजारच्या दारात दाणे टिपतात आणि कधी पाहुण्याच्या पिशवीतून दुसऱ्या तालुक्याला जातात. पशुगणना पाच वर्षांनी होते. विसावी २०१९ ला झाली होती. तिच्यातला गावाचा आकडा दोन वर्षांनी वर्तुळ भरायला घेतला तर तो अंदाजच असतो. म्हणून पथकाला घरोघर जावेच लागते आणि तिथे पशुधन पर्यवेक्षक, ग्रामसेवक, आशाताई यांच्या ओळखीपाळखीच कामी येतात.

पैशाचा भागही इथेच येतो. २०२१ मध्ये राज्याने ठरवलेली भरपाई अशी होती: आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसल कोंबडीला ७० रुपये, लहान पिल्लाला २० रुपये, अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२ रुपये. ही भरपाई सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्या कोंबडीचे काही मिळत नाही. याचा सरळ अर्थ असा की जो लवकर कळवतो त्याचे कमी बुडते आणि जो वाट पाहत बसतो त्याचे सगळे जाते. ही एक गोष्ट प्रत्येक कोंबडीवाल्याला रोग येण्याआधी माहीत असायला हवी. रोग आल्यावर सांगून उपयोग नाही, कारण तोवर शेजाऱ्याने जिवंत राहिलेले पक्षी मिळेल त्या भावाने विकून टाकलेले असतात.

मुरुंब्याचे वर्तुळ रोग आल्यावर काढलेले होते. तंत्रज्ञानाची खरी परीक्षा वर्तुळाच्या आधी होते: रोग कुठे आणि केव्हा येण्याची शक्यता आहे, हे आधी सांगता येते का?

काही प्रमाणात येते, आणि देशात हे काम बरीच वर्षे चालू आहे. बंगळूरुला भारतीय कृषी संशोधन परिषदेची 'निवेदी' ही संस्था आहे; जनावरांच्या साथरोगांचा अभ्यास आणि रोगांची माहिती सांभाळणे हेच तिचे काम. तिची 'नॅड्रेस' नावाची यंत्रणा दर महिन्याला देशातल्या जिल्ह्यांसाठी पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज देते. घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या-खुरकूत, आंत्रविषार, पीपीआर, निळी जीभ, शेळ्या-मेंढ्यांची देवी अशा डझनाहून अधिक रोगांसाठी कोणत्या जिल्ह्यात धोका किती, ते रंगांनी दाखवलेले असते. मागच्या अनेक वर्षांच्या साथींच्या नोंदी, जनावरांची संख्या, पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, मातीतला ओलावा आणि उपग्रहाने टिपलेला जमिनीवरचा हिरवेपणा हे सगळे एकत्र करून संगणक पाहतो, की आधी ज्या परिस्थितीत साथ आली होती तशी परिस्थिती आता कुठे जुळून येते आहे.

गुराखी हेच अनुभवाने सांगतो. पहिला पाऊस पडून कोवळे गवत उगवले की फऱ्या येतो. पावसाळ्यात जनावर भिजले, थकले, की घटसर्प गाठतो. संगणक हीच जाण जिल्ह्याजिल्ह्यांत मोजून तोलून पाहतो, आणि फाशीसारख्या रोगात तो माणसाच्या आठवणीच्या पुढे जातो. फाशीचे जंतू बीजाणूंच्या रूपात मातीत कित्येक दशके टिकतात. आजोबांच्या काळात जिथे बैल पुरला, तिथे नातवाच्या काळात खड्डा खणला किंवा पुराच्या पाण्याने माती उघडी पडली, तर रोग पुन्हा उठू शकतो. आणि मेलेले जनावर हाताळणाऱ्या माणसालाही तो होतो. म्हणून फाशीच्या संशयाने मेलेले जनावर फाडायचे नसते. खोल पुरून वर चुना टाकायचा असतो. अशा प्रत्येक पुरणाची जागा अक्षांश-रेखांशासह कायमची नोंदली गेली पाहिजे. गावकी विसरते, नकाशा विसरत नाही.

पण 'नॅड्रेस'चा अंदाज जिल्ह्यापाशी थांबतो, आणि परभणीच्या शेतकऱ्याला तो पुरत नाही. जिंतूरकडचा डोंगराळ भाग, येलदरीचा जलाशय, दुधनाकाठ, गोदावरीलगतचे पाथरी-सोनपेठ, बालाघाटाला टेकलेले गंगाखेड-पालम हे सगळे एकाच रंगात रंगवले तर पशुवैद्यकाने लशीची पेटी घेऊन आधी कुठे जायचे? नऊ तालुक्यांत एकाच दिवशी तर जाता येत नाही.

खंत अशी, की याहून बारीक माहिती जिल्ह्यात पडून आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला महसूल मंडळ म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, हे त्याला तोंडपाठ असते. नुकसानभरपाईचे भांडण त्याच आकड्यावर होते. 'महावेध' प्रकल्पात राज्यभर मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा टिपतात. परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथून ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मराठवाड्यासाठी निघतो. त्यात कापूस, सोयाबीन, हळदीबरोबर जनावरांसाठीही दोन ओळी असतात. याच शहरात पशुवैद्यक महाविद्यालयही आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे. मंडळाचे हवामान, पशुवैद्यक आणि शेतकऱ्यापर्यंत पोहोचणारा सल्ला या तिन्ही गोष्टी एका शहरात असताना घटसर्पाचा धोका मंडळनिहाय सांगितला जात नसेल, तर त्याला तंत्रज्ञानाची अडचण म्हणता येत नाही. कमी पडते ती रोगाची नोंद. हवामान मंडळाचे मिळते. जनावर कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कशाने मेले हे मात्र तितक्या बारकाईने कागदावर येत नाही. शिकायला जुन्या साथींच्या नोंदी नसतील तर कोणताही संगणक अंदाज देऊ शकत नाही.

नोंद आणि कृती यांच्यामधली फट किती महाग पडते, हे गोदावरीच्या पलीकडे बीड जिल्ह्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात लोक घरात झोपायला घाबरत होते. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात अनेकांनी पक्की घरे सोडून बाहेर मुक्काम हलवला. धान्य मात्र आतच राहिले. रिकाम्या घरांत भरलेली कणगी म्हणजे उंदरांना सुगीच. ऑगस्ट १९९४ च्या सुरुवातीला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि काही आठवड्यांत जांघेत-काखेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. प्लेग होता. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाची साथ आली, लाखो लोक शहर सोडून निघाले आणि मामल्याचे नाव मागे पडले.

उंदीर पडले की गाव सोडायचे, हे जुन्या पिढीला ठाऊक होते. धोक्याची प्रत्येक खूण मामल्यात होती: भूकंप, रिकामी घरे, साठलेले धान्य, मेलेले उंदीर, पिसवा. ती वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या वेळी दिसत होती. नकाशा हे सगळे थर एकावर एक ठेवतो. एकाच जागी तीन-चार थरांत रंग गडद झाला, की तिकडे माणूस पाठवावा लागतो. आज असा थर चढवायला एक दुपार पुरेल. उंदीर पडल्याची खबर मात्र तेव्हासारखीच कुणाला तरी द्यावी लागेल.

उपग्रहावरून आधी इशारा देण्याचे सर्वात गाजलेले उदाहरण पूर्व आफ्रिकेतले आहे. २००६ मध्ये समुद्राचे वाढलेले तापमान, मुसळधार पाऊस आणि अचानक हिरवी झालेली कोरडी जमीन पाहून अमेरिकी शास्त्रज्ञांनी रिफ्ट व्हॅली ज्वराचा इशारा दिला. हा डासांमार्फत गुरांना आणि गुरांकडून माणसांना होणारा रोग. डिसेंबरमध्ये केनियात तो खरोखर उफाळला. इशारा खरा ठरला, तरी लसीकरणाला वेग आला तो साथ सुरू झाल्यावर. केनियात दीडशेहून अधिक माणसे दगावली. अंदाज हातात असूनही लस गोठ्यापर्यंत वेळेत गेली नाही.

परक्याचा नकाशा उसना घेऊनही चालत नाही. थायलंडमध्ये बर्ड फ्लूचा धोका भातखाचरांत मोकळ्या चरणाऱ्या बदकांशी जोडलेला निघाला. परभणीत ना तशी भातखाचरे, ना तसे बदकांचे कळप. इथे पाहायचे ते येलदरी आणि निम्न दुधनाच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी, रस्त्यालगतची शेड, कोंबड्यांच्या पिंजऱ्यांच्या गाड्या आणि कावळे. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीर शहरात, पन्नासच्या आसपास कावळे मेले आणि त्यांच्यात बर्ड फ्लूच निघाला. तिथेही दहा किलोमीटरचा परिसर सतर्क करावा लागला. त्याच हिवाळ्यात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. अशा वेळी चौकातला मेलेला कावळा कचरा समजून फेकायचा नसतो.

स्थानिक नकाशा कसा बनतो, हे दक्षिणेकडे दिसते. गोव्याच्या सत्तरीत २०१५ ला आणि सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडताप आला. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला हा विषाणू जंगली गोचिडींतून पसरतो. काजू गोळा करायला गेलेल्या माणसांना तो गाठतो. पश्चिम घाटावरच्या अभ्यासात संशोधकांनी आरोग्य खाते, वनखाते, पशुसंवर्धन आणि स्थानिक लोक यांना एकत्र बसवून आधी विचारले, की तुम्हाला काय दिसते. मग नकाशा केला. सदाहरित जंगल आणि बागायती जिथे एकमेकांत घुसल्या आहेत आणि देशी गुरे जास्त आहेत, तिथे धोका जास्त निघाला. माकडे मरून पडणे ही तिथली पहिली खूण.

गोव्यातच कुत्र्यांच्या रेबीजवर झालेले काम तर याहून साधे. 'मिशन रेबीज' या संस्थेची माणसे राज्य सरकारबरोबर गल्लीगल्लीत कुत्र्यांना लस टोचत गेली आणि प्रत्येक कुत्र्याची जागा तिथल्या तिथे मोबाईलवर नोंदवत गेली. संध्याकाळी नकाशा पाहिला की सुटलेली गल्ली दिसे. दुसऱ्या दिवशी पथक तिकडे. २०१८ नंतर २०२१ पर्यंत तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. यात भविष्याचा अंदाज नव्हता. कोण राहिले, एवढेच रोज पाहिले जात होते. परभणीसारख्या शहराने उद्यापासून करावे असे काही असेल, तर ते हेच.

मराठवाड्याच्या नकाशाला मात्र एक अडचण आहे, ती म्हणजे इथली जनावरे एका जागी राहत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळ्या निघतात. गंगाखेड, पालमच्या डोंगरपट्ट्यातून, शेजारच्या बीडमधून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे जातात. बैलगाडीवाल्यांबरोबर बैलही जातात. कारखान्याच्या तळावर कितीतरी गावांचे बैल शेजारी शेजारी बांधले जातात, एकाच हौदावर पाणी पितात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आपापल्या गावी परततात. लाळ्या-खुरकुतीला यापेक्षा सोयीची वाट सापडणार नाही.

लम्पीने हेच दाखवले. २०१९ ला ओडिशात पहिल्यांदा दिसलेला हा चर्मरोग ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून राज्यभर पसरला. तो माणसाला होत नाही. तेव्हा दुधाबद्दल उठलेल्या वावड्या निराधार होत्या. डास, माश्या, गोचीड तो पसरवतात आणि त्यांच्या आवाक्याबाहेर त्याला नेतो तो ट्रक. सरकारने सप्टेंबरात राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले, गुरांचे बाजार बंद केले, बाधित गावाभोवती पाच किलोमीटरपर्यंत लसीकरण सुरू केले आणि पुढे ते राज्यभर नेले. पाच किलोमीटरचे वर्तुळ माशीसाठी ठीक आहे. बाजारातून रात्री निघालेला टेम्पो सकाळी दोन जिल्हे ओलांडतो.

म्हणून कानातला पिवळा बिल्ला महत्त्वाचा. बारा आकड्यांचा हा क्रमांक जनावराच्या कानात टोचला की 'भारत पशुधन' प्रणालीत त्याचे वय, मालक, गाव आणि टोचलेल्या लशी चढतात. जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, असा नियम आहे. बाजार समितीच्या दारात तो क्रमांक खरोखर वाचला गेला आणि जनावर विकल्यावर नवा मालक त्यात चढला, तरच नकाशावर बिंदूंच्या जागी वाटा दिसू लागतील. मालकाचे नाव जुनेच राहिले तर बिल्ला कानाचा दागिना होतो.

दुसरी फट माणूस आणि जनावर यांच्या दवाखान्यांमधली. म्हैस गाभडली, जार अडकला, घरच्या बाईने उघड्या हातांनी तो काढला. काही आठवड्यांनी तिला चढउताराचा ताप आणि सांधेदुखी. जनावराचे गाभडणे पशुवैद्यकाला कळले तर कळते, बाईचा ताप प्राथमिक आरोग्य केंद्रात टायफॉईड-मलेरियाच्या तपासण्यांत फिरतो. ब्रुसेलोसिसचे हे ठरलेले चित्र आहे. त्यावर लस आहे: चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला, आयुष्यात एकदाच. माणसांच्या रोगांची नोंद २०२१ पासून 'एकात्मिक आरोग्य माहिती मंचा'वर होते, जनावरांची दुसरीकडे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी झाली, ती हे दोन कप्पे जोडण्यासाठीच. पण जोडणी नागपूरच्या इमारतीत होण्याआधी तालुक्याच्या गावी व्हायला हवी. वैद्यकीय अधिकारी आणि पशुधन विकास अधिकारी यांनी महिन्यातून एकदा एकाच नकाशासमोर बसायला कोणत्याही संस्थेची वाट पाहावी लागत नाही.

नकाशाची एक भीतीही आहे आणि ती खरी आहे. गावाचे नाव बातमीत आले की चिकनचा भाव पडतो, दुधाला नाक मुरडले जाते, सोयरीकसुद्धा अडते. म्हणून लोक लपवतात. २००६ मध्ये नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली, तेव्हापासून ती भीती कोंबडी व्यवसायात मुरलेली आहे. नीट शिजवलेल्या चिकनमधून, उकडलेल्या अंड्यातून हा विषाणू जात नाही, हे दर वेळी नव्याने सांगावे लागते. धोक्याचा बारीक नकाशा आधी पशुवैद्यकाच्या, सरपंचाच्या आणि पाळणाऱ्याच्या हातात पडावा, आणि त्याच्या मागोमाग लस व भरपाई यावी. नुसते लाल ठिपके छापून गावे बदनाम करणे म्हणजे पुढच्या साथीची खबर आजच बंद करून टाकणे.

पशुरोग प्रतिबंध व नियंत्रणाचा २००९ चा कायदा सांगतो, की अनुसूचित रोगाचा संशय आला तर मालकाने कळवणे बंधनकारक आहे. कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा सोय सांगावी हे बरे. गोठ्यात एकाएकी जनावर दगावले, शेडमध्ये नेहमीपेक्षा जास्त मर झाली, झाडाखाली दोन-चार कावळे पडलेले दिसले, तर उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका, उरलेली जनावरे विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, नाही तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. गाव, शिवार, किती मेले, केव्हापासून, एवढे सांगा. आणि ग्रामसभेत एक ठराव मांडा: पिकाच्या पावसासारखा जनावरांच्या रोगाचा अंदाजही आमच्या मंडळापुरता मिळाला पाहिजे.